न जाळलेली पत्रं

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने चार वर्षांपूर्वी बाजूला सारलेलं कलम ३७७ पुन्हा जिवंत झालं. मी तेव्हा पुण्यात होस्टेलवर राहायचो. त्या रात्री मी फोनमधलं चौदा महिन्यांचं एक चॅट डिलीट केलं. पोलीस खोलीवर येतील असं काही मला वाटत नव्हतं. भीती त्याहून साधी होती. नाताळात घरी गेलो की आतेभाऊ फोन मागायचा, 'गाणी घेतो रे' म्हणून. स.चा नंबर मी 'लॅपटॉप रिपेअर' या नावाने सेव्ह केला होता, पण लॅपटॉपवाला रात्री दोन वाजता 'जेवलास का' असं विचारत नाही.

डिलीट व्हायला तीन सेकंदही लागले नाहीत.

पुढे काही वर्षांनी मी एक जाडजूड पुस्तक वाचायला घेतलं. 'माय बिलव्हेड मॅन'. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन आणि गायक पीटर पिअर्स यांनी एकमेकांना लिहिलेली ३६५ पत्रं त्यात आहेत. पहिलं १९३७ चं, शेवटची १९७६ च्या आसपासची. पुस्तक २०१६ साली आलं. वाचताना मला आधी प्रेम वगैरे काही जाणवलं नाही. पहिला प्रश्न आला तो हा, की यांनी ही ठेवली कशी? कारण या ३९ वर्षांपैकी ३० वर्षं इंग्लंडमध्ये यातलं प्रत्येक पत्र म्हणजे पोलिसांच्या हाती द्यायचा पुरावा होता.

ब्रिटन कोण ते थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या संगीतकारांमध्ये त्याचं नाव घेतात. माझ्या मते तोच सगळ्यात मोठा, पण ते असो. जन्म १९१३ चा, समुद्रकाठच्या लोस्टॉफ्टचा, डेंटिस्टचा मुलगा. पिअर्स त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, टेनर, म्हणजे पुरुषी आवाजातल्या वरच्या पट्टीत गाणारा. पिअर्सचा आवाज मी पहिल्यांदा यूट्यूबवर ऐकला तेव्हा मला वाटलं याला सर्दी झाली आहे. कित्येकांना तो आवाज आवडत नाही, त्याच्या हयातीतही आवडायचा नाही. त्याची सवय लागायला मला दोनेक महिने लागले. मग मात्र ब्रिटनची गाणी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकताना चुकल्यासारखं व्हायला लागलं. ती त्या एका गळ्याच्या मापाने शिवलेली आहेत.

दोघांची गाठ पडली ती एका मृत्यूमुळे. पीटर बरा नावाचा दोघांचाही मित्र एप्रिल १९३७ मध्ये छोट्या विमानाच्या अपघातात गेला. त्याच्या घरातले कागद आवरायला, पत्रं लावायला हे दोघं गेले. तोवर ओळख जुजबी होती. मेलेल्या तरुण मित्राची खासगी पत्रं बघत बसलेले दोन तरुण, असं ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर येतं. आपण गेल्यावर आपलेही कागद कुणीतरी असेच हातात घेणार, हे त्या दिवशी त्यांच्या मनात आलं असेल का? मला वाटतं, यायलाच हवं.

१९३९ च्या वसंतात दोघं बोटीने कॅनडाला आणि तिथून अमेरिकेला गेले. युरोपात युद्धाचे ढग होते, दोघंही युद्धविरोधी, आणि इंग्लंडमध्ये ब्रिटनचा जीव रमत नव्हता. जून महिन्यात मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स या अगदी साध्यासुध्या गावात मैत्रीचं प्रेम झालं. गावाचं नाव लक्षात ठेवा, शेवटी ते परत येणार आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९४० मध्ये, ब्रिटन आपला पियानो कॉन्चेर्टो वाजवायला शिकागोकडे गेला आणि पिअर्स न्यूयॉर्कजवळ ॲमिटीव्हिलला राहिला. तिथे मायर नावाच्या जर्मन निर्वासित कुटुंबाच्या घरी दोघं राहायचे. तेव्हाचं पिअर्सचं पत्र या संग्रहातलं सगळ्यात बेफाम पत्र आहे. त्यात तो 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे जर्मनमध्ये लिहितो, इटालियनमध्ये लिहितो, आणखी एक-दोन भाषांत लिहितो आणि मग कुठे इंग्रजीवर येतो. मला हसू आलं, कारण हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे वाक्य मराठीत मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही, नाटक-सिनेमा सोडून. आपण सगळे ते इंग्रजीत उरकतो. परक्या भाषेत म्हटलं की ते थोडं खेळातलं वाटतं, नकार आलाच तर 'गंमत केली' म्हणता येतं.

पण स.शी मी इंग्रजीत चॅट करायचो त्याचं आणखी एक कारण होतं. मराठी चुगलखोर भाषा आहे. 'कधी येणार' इथपर्यंत ठीक, पण 'आलास का' म्हटलं की समोरचा मुलगा आहे हे उघड, आणि 'मी वाट बघत होतो' म्हटलं की मीही मुलगाच. आपल्याकडे क्रियापदच साक्ष देतं. इंग्रजीत दोन माणसं पानंच्या पानं बोलू शकतात आणि खांद्यावरून वाचणाऱ्याला काही कळत नाही.

याच लपवाछपवीचा एक जुना किस्सा ब्रिटनच्या पहिल्या मोठ्या प्रेमभेटीशी जोडलेला आहे. ऑक्टोबर १९४० मध्ये त्याने पिअर्ससाठी मायकेलँजेलोची सात सॉनेट्स संगीतबद्ध केली, मूळ इटालियनमध्येच. मायकेलँजेलोने आपल्या कितीतरी प्रेमकविता तोमासो दे कावालिएरी या तरुणाला उद्देशून लिहिल्या होत्या. पुढे १६२३ साली त्याच्या पुतण्याच्या मुलाने त्या छापल्या, तेव्हा पुल्लिंगी सर्वनामं खोडून स्त्रीलिंगी केली. घराण्याची अब्रू राखली म्हणायची. मूळ पाठ जगासमोर यायला एकोणिसावं शतक उजाडलं.

ही गाणी लगेच सगळ्यांसमोर आली नाहीत. दोघं १९४२ मध्ये इंग्लंडला परतले आणि २३ सप्टेंबरला लंडनच्या विगमोर हॉलमध्ये ब्रिटन पियानोवर बसला, पिअर्स उभा राहिला आणि एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला लिहिलेल्या कविता त्याने भर सभेत गायल्या. टाळ्या पडल्या. त्याच वर्षी रेकॉर्डही निघाली. युद्धाच्या धामधुमीत इटालियन, म्हणजे शत्रूची भाषा, आणि विषय हा! पण कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ते 'संगीत' होतं.

१९४७ मध्ये त्यांनी त्याही पुढची मजल मारली. सतराव्या शतकातला कवी फ्रान्सिस क्वार्ल्स याची कविता घेऊन ब्रिटनने पहिलं कँटिकल रचलं. बायबलमधल्या गीतरत्नाचा आधार असलेली ही कविता वरवर भक्त आणि देव यांच्या प्रेमाची आहे. ऐकताना मात्र तो देव पियानोवर बसला आहे हे लपत नाही. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या आपण लहानपणापासून ऐकतो. पुरुष कवी स्त्री होऊन सावळ्याची वाट बघतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. भक्तीच्या वस्त्रात बरंच काही चालून जातं. मी दोन्हींना एक मानत नाही, पण ऐकणाऱ्याचे कान दोन्हीकडे सारखेच सोयीने काम करतात.

सूर असे पांघरूण घालू शकतात. पत्र उघडंच असतं.

इंग्लंडमधला कायदा काय होता? पुरुषांमधल्या संबंधांना १८६१ पर्यंत फाशीची तरतूद होती, शेवटचे दोघं १८३५ मध्ये फासावर गेले. १८८५ मध्ये आणखी एक कलम आलं, ज्यात 'अश्लाघ्य वर्तन' एवढ्या मोघम शब्दांवर दोन वर्षांची कैद देता यायची. ऑस्कर वाइल्ड १८९५ मध्ये याच कलमाखाली आत गेला, आणि त्याच्या खटल्यांत त्याने आपल्या मित्राला लिहिलेलं पत्र कोर्टात वाचून दाखवलं गेलं. ते पत्र आधी ब्लॅकमेल करणाऱ्यांच्या हाती पडलं होतं. आपलं ३७७ हे याच घराण्यातलं. मेकॉलेच्या आयोगाच्या मसुद्यातून निघालेल्या १८६० च्या दंडसंहितेतून ते आलं. इंग्लंडने आपला कायदा १९६७ मध्ये सैल केला, आपण २०१८ मध्ये.

वाइल्डचं ऐकून-वाचून शहाण्या माणसांनी कागद जाळायला सुरुवात केली. यातलं एक नाव आपल्या जवळचं आहे. ई. एम. फॉर्स्टर. १९२१ मध्ये हा देवास थोरल्या पातीच्या मराठा संस्थानात महाराज तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव होता. परत गेल्यावर १९२२ मध्ये त्याने आपलं बरंचसं 'तसलं' लेखन जाळून टाकलं, म्हणजे रखडलेली 'अ पॅसेज टू इंडिया' पुरी करता येईल. त्याची 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी १९१४ पर्यंत लिहून झाली होती, पण छापली गेली १९७१ मध्ये, तो गेल्यावर. देवासमधल्या आपल्या प्रेमप्रकरणाचं टिपणही असंच मरणोत्तर बाहेर आलं.

ब्रिटन-पिअर्सच्या गोष्टीत फॉर्स्टर दोनदा येतो. एकदा १९४१ मध्ये, जेव्हा कॅलिफोर्नियात असताना ब्रिटनने जॉर्ज क्रॅब या कवीवरचा फॉर्स्टरचा लेख वाचला. क्रॅब सफकच्या किनाऱ्यावरचा, म्हणजे ब्रिटनच्या मुलखातला. लेख वाचून त्याला घर आठवलं, परतायचं ठरलं आणि बोटीवरच दोघांनी 'पीटर ग्राइम्स' या ऑपेराच्या कथानकाची जुळवाजुळव केली. एक कोळी आणि त्याच्यावर उठलेलं अख्खं गाव, अशी ती गोष्ट. जून १९४५ मध्ये ऑपेरा रंगमंचावर आला, ग्राइम्स गायला पिअर्स, आणि ब्रिटन एका रात्रीत जगप्रसिद्ध झाला. दुसऱ्यांदा फॉर्स्टर आला तो १९५१ च्या 'बिली बड'चा सहलेखक म्हणून. जाळणारा आणि न जाळणारे एकाच टेबलाशी बसून काम करत होते.

आता १९५३. या एका वर्षावर मी पुन्हा पुन्हा जातो. जूनमध्ये नव्या राणीचा राज्याभिषेक झाला. त्यासाठी ब्रिटनने लिहिलेल्या 'ग्लोरियाना'चा प्रयोग ८ जूनला खुद्द राणीच्या उपस्थितीत झाला. त्याला 'कम्पॅनियन ऑफ ऑनर' हा मोठा किताबही मिळाला. चार महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, नुकताच 'सर' झालेला नट जॉन गिलगुड पकडला गेला, १० पौंड दंड झाला आणि नाव पेपरात आलं. १९५४ च्या मार्चमध्ये लॉर्ड माँटेग्यू आणि पत्रकार पीटर वाइल्डब्लड यांना शिक्षा झाली. वाइल्डब्लडला दीड वर्ष. त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात काय होतं? हवाई दलातल्या एका तरुणाला त्याने लिहिलेली प्रेमपत्रं. त्या तरुणाने ती जपून ठेवली होती, प्रेमानेच.

त्याच सुमारास 'इव्हनिंग स्टँडर्ड'च्या संपादकाने आपल्या मालकाला कळवलं की स्कॉटलंड यार्डने मोहीम तेज केली आहे आणि ब्रिटनकडेही चौकशी झाली आहे. पुढे काही झालं नाही. पण त्या दिवसांत ऑल्डबरोच्या त्या समुद्राकाठच्या घरात संध्याकाळी काय बोलणं झालं असेल? घरात कुठल्या तरी खणात १९४० चं ते बेफाम पत्र होतं. शेगडी होती, काड्यापेटी होती. इंग्लंडमधल्या किती घरांत त्या हिवाळ्यात काय काय जळलं याची मोजदाद नाही. ही पत्रं राहिली.

ते शूर होते म्हणून, असं मी म्हणणार नाही. चारचौघांत ते अतिशय सावध असत. ब्रिटनचे आई-वडील मध्यमवर्गीय, तोही आयुष्यभर टाय बांधून मध्यमवर्गीयच राहिला. दोघांच्या संबंधांवर तो कधीही जाहीर बोलला नाही. 'गे' हा शब्द त्याच्या बोलण्यात नव्हता, असं पुढे पिअर्सनेच सांगितलं. त्याला एक वाईट खोडही होती. वर्षानुवर्षांचे मित्र, गायक, सहकारी मनातून उतरले की तो त्यांना एकदम तोडायचा, निरोपसुद्धा द्यायचा नाही. अशा माणसाला संत करून भिंतीवर लावायची मला हौस नाही.

मग ठेवली का? उत्तर पत्रांतच आहे असं मला वाटतं, आणि ते जरा निराशाजनकच आहे. कारण बहुतेक पत्रं प्रेमपत्रं वाटतच नाहीत. पिअर्स गायक, म्हणजे सतत फिरतीवर. ब्रिटनला लिहायला शांतता लागायची, म्हणून तो ऑल्डबरोत. लांबचा फोन महाग आणि खरखरीचा. म्हणून पत्रं. आणि पत्रांत काय? घसा बसलाय. गाडी चुकली. हॉल भरला होता पण पियानो भिकार होता. अमका जेवायला आला होता, कंटाळा आणला. दुसरा अंक अडलाय. पोट बिघडलंय. १९४३ मध्ये ब्रिटन गोवर होऊन हॉस्पिटलात पडला होता आणि त्याच काळात पिअर्सच्या गळ्यासाठी 'सेरेनेड' लिहीत होता. पिअर्स तेव्हा ऑपेरा कंपनीबरोबर गावोगाव हिंडत होता. त्या दिवसांतल्या पत्रांत तक्रारी आहेत, चिडचिड आहे, मग माफी आहे. पिअर्सला आपला आवाज बरा नाही असं सारखं वाटायचं, ब्रिटन त्याला सारखा धीर द्यायचा. मध्येच दोन ओळी अशा येतात की वाचणाऱ्याने मान वळवावी, आणि लगेच पुढे कुत्र्याची तब्येत.

हे असले कागद कुणी जाळत नाही. ते गुपित म्हणून ठेवलेले नसतातच. घरातल्या वाणसामानाच्या यादीसारखे ते साठत जातात. मला वाटतं त्या दोघांच्या लेखी ते लफडं नव्हतं, संसार होता, आणि संसाराचे कागद माणूस पोलिसांच्या नजरेने बघत नाही.

माझ्या त्या चौदा महिन्यांच्या चॅटमधलं मला आज जेमतेम एक वाक्य आठवतं. 'पोचलास की मिस्ड कॉल दे.' मराठीतलं, चुगली करणारं. बाकीचं मी इंग्रजीत काय काय लिहिलं होतं, आणि तेव्हा मला ते फार काव्यात्म वाटायचं, त्यातलं काही उरलं नाही.

१९५५ च्या अखेरीस दोघं पूर्वेच्या लांबच्या दौऱ्यावर निघाले आणि भारतातही आले. दिल्लीत त्यांनी रविशंकरांची सतार ऐकली आणि ब्रिटन थक्क झाला. दोघं बरोबरच होते, त्यामुळे त्या महिन्यांत एकमेकांना पत्रं नाहीत. या संग्रहातल्या रिकाम्या जागा म्हणजे सुखाचे दिवस, हे लक्षात आल्यावर मी तारखांमधली अंतरंच मोजायला लागलो.

मे १९७३ मध्ये ब्रिटनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यात त्याला सौम्य झटका आला आणि उजवा हात अधू झाला. पियानो संपला. त्याआधी त्याने जिवावर उदार होऊन 'डेथ इन व्हेनिस' पुरा केला होता. एका सुंदर मुलाच्या दर्शनाने घायाळ झालेल्या म्हाताऱ्या लेखकाचा हा ऑपेरा, मुख्य भूमिका अर्थात पिअर्सची. १९७४ च्या शरदात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याचे प्रयोग लागले. पिअर्स तिथे पहिल्यांदाच गाणार होता, वयाच्या ६४ व्या वर्षी. ब्रिटनला प्रवास अशक्य.

१७ नोव्हेंबरला ब्रिटनने पत्र लिहिलं. मायन्यात 'हृदय' हा शब्द आला आहे आणि हृदयाच्या रुग्णाने तो वापरावा का, असा त्यावर तो स्वतःच विनोद करतो. रेडिओवर त्यांचं 'विंटर वर्ड्स' पुन्हा लागलं होतं, थॉमस हार्डीच्या कवितांवरची गाणी, पियानोवर तो स्वतः आणि गाणारा पिअर्स. तो म्हणतो की तुझ्यासारखा कलावंत आणि माणूस, ज्याच्यासाठी मी लिहावं, असा मला मिळायला मी काय केलं होतं कळत नाही. शेवटच्या गाण्यानंतर त्याने रेडिओ बंद केला, पुढची लोकगीतं त्याला सोसली नसती.

न्यूयॉर्कहून उत्तर आलं. पिअर्स म्हणतो, असं पत्र जगात कुणाला आलं नसेल. आणि मग तो हिशेब उलटा मांडतो. देणारा मी नव्हे, तू. ग्रँड रॅपिड्सपासून सुरुवात करून तो एकेक रचनेचं नाव घेत जातो, 'ग्राइम्स', 'सेरेनेड', मायकेलँजेलो, कँटिकल, आणि आपण ज्या भूमिकेसाठी न्यूयॉर्कला आलो आहोत तिथे येऊन थांबतो. ३५ वर्षांचा संसार रचनांच्या नावांत मांडलेला. हे दोन कागद वाचताना मी लोकलमध्ये होतो. ठाणे गेलं, मला कळलं नाही.

जून १९७६ मध्ये ब्रिटनला लॉर्ड केलं गेलं. हा मान मिळालेला तो पहिला संगीतकार. ४ डिसेंबरला पहाटे ऑल्डबरोच्या रेड हाउसमध्ये तो पिअर्सच्या मिठीत गेला. राणीने सांत्वनाची तार पाठवली ती पिअर्सला. ज्या राज्यात नऊ वर्षांपूर्वीपर्यंत हे नातं गुन्हा होतं, त्या राज्याची राणी 'घरच्या माणसाला' तार करते. इंग्रज लोक अशा वेळी शब्द वापरत नाहीत, पत्ता बरोबर लिहितात.

पिअर्स त्यानंतर नऊ वर्षांहून अधिक काळ त्याच घरात राहिला. ब्रिटनवरच्या टोनी पामरच्या माहितीपटात तो या प्रेमाबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलला, पहिल्यांदाच, उघडपणे आणि आवाज न चढवता. दोघांची पत्रं रेड हाउसच्या संग्रहात ठेवली आहेत. पिअर्स १९८६ च्या एप्रिलमध्ये गेला. ऑल्डबरोच्या चर्चच्या आवारात दोन सारखे दगड शेजारी शेजारी आहेत, नाव आणि वर्षं एवढंच कोरलेलं.

स. आता बंगळुरूला असतो. मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, तुझ्याकडे आपलं जुनं काही आहे का. तो म्हणाला, बघतो, जुना फोन आईकडे आहे, चार्जर मिळायला हवा.